फुकट स्पॅनिश शिकवून काय मिळतं?

प्रश्न वाचला आणि थेट माझे दीरच डोळ्यासमोर आले. स्पॅनिशचं बी2 (मध्यमच्या वरची पातळी) झालंय, नवऱ्याबरोबर अमेरिकेत आलेय, मजुरांच्या क्लिनिकमधल्या स्टाफला फुकट स्पॅनिश शिकवायला बोलवतायत, जावं का आणि लोकांना त्याची जाण असते का, असं विचारलंयत.

जा. जाणीवेचं सांगते, जरा लांबेल.

मी तासगावची, आता कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला. नशिबात इथेही बेदाणाच, फक्त आपल्यासारखा शेडमध्ये जाळ्यांवर नाही, ऑगस्ट-सप्टेंबरात द्राक्षं काढून वेलींच्या ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरून त्यावरच वाळवतात. काढणारे बहुतेक मेक्सिकोचे, त्यात वाहाकाकडचे बरेच, आणि त्यातल्या कित्येकांची घरची भाषा मिस्तेको, म्हणजे स्पॅनिश त्यांनाही दुसरीच. ही मंडळी जिथे औषधाला येतात तिथल्या स्टाफला मी आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवते.

पहिल्या बॅचला फ्रंट डेस्कवरची एक ह्मोंग (लाओसकडून आलेला समाज) मुलगी होती. बिलिंगच्या धड्यात मी पागार घोकून घेतलं होतं, पागार म्हणजे पैसे भरणे (आपला पगार पोर्तुगीजमधून आला तो याच शब्दाचा भाऊ). एक दिवस एक आजी गोळ्यांची बाटली घेऊन काउंटरला आल्या. लेबलवर इंग्रजीत वन्स अ डे. त्यातलं 'वन्स' जसं लिहितात तसं स्पॅनिशमध्ये वाचलं की होतं ओन्से, म्हणजे अकरा. आजी विचारत होत्या, अकराच्या अकरा एकदम घ्यायच्या की दिवसभरात? या पोरीने एक बोट वर करून "उना, सोलो उना" सांगितलं, फार्मसीला फोन करून स्पॅनिश लेबल मागवलं, आजींना तोवर बसवून ठेवलं. जाताना आजींनी तिचा हात दोन्ही हातात धरला आणि म्हणाल्या, "दिओस से लो पागे, मिहा." हिला त्यातलं पागे तेवढं कळलं. घाईघाईने म्हणते कशी, "नो, नो, मेडिकाल पागा!", म्हणजे पैसे मेडिकाल भरतं (गरिबांसाठीची इथली सरकारी आरोग्य योजना). आजी हसून हसून काउंटरला टेकल्या, मागची लाइनपण हसली.

त्याचा अर्थ देव तुला याचं देईल, आपल्याकडची म्हातारी माणसं देव तुझं भलं करो म्हणतात ना, तसलंच. चूक माझी होती. ग्रासियास (धन्यवाद) आणि दे नादा (त्यात काय एवढं) पहिल्याच दिवशी उरकून मी पुढे पळाले होते, आणि शेतावरची माणसं आभार मानताना मधे देव आणतात नाहीतर पिशवी आणतात, पीचेस काय, फॉइलमध्ये गुंडाळलेले गरम तमाले (मक्याच्या पिठाचे सारण भरून वाफवलेले) काय. त्याला नुसतं दे नादा म्हणणं म्हणजे वाढलेलं ताट सरकवल्यासारखं वाटतं मला. इग्वालमेंते (तुम्हालाही तसंच) म्हणा, देवाचं असेल तर सरळ आमेन म्हणा, पण हात पटकन सोडवून घेऊ नका. आता यावर मी अख्खा तास घेते, क्रियापदं गेली खड्ड्यात.

त्याच मुलीने नंतर सांगितलं की नऊ वर्षांची असताना आजीच्या डॉक्टरकडे तीच दुभाषी असायची, आणि लाज वाटेल ते शब्द गाळून टाकायची. आता इमर्जन्सी सोडली तर पोरांना असं वापरता येत नाही, नियम आहे. पण मोठ्यांचं काय? सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं. त्या म्हणत होत्या छातीत भरून आल्यासारखं होतंय, कसंसंच होतंय. दिरांनी डॉक्टरला सांगितलं, गॅस. एवढंच. मी भांडून फोनवरचा दुभाषी मागितला, हिंदी मिळाला, तरी दोन तासांत स्टेंट पडला. दीर अजून म्हणतात मी होतो ना बोलायला, आणि वर मलाच ऐकवतात की हे लोक इंग्रजी का शिकत नाहीत, तू फुकट राबतेस, देव पगार देतो का. तुमच्या आईने कुठे शिकलं होतं इंग्रजी, भाऊजी?

हां, तुमचा प्रश्न. स्टाफकडून जाण वगैरे धरू नका, बारा तासांची शिफ्ट करून आलेली नर्स वर्गात पेंगते, पेंगू दे. पेशंटची पावती तिला मिळते, तुम्हाला ती ऐकीव. आणि फुकट खरं तर शिकवू नये, क्लिनिकला ट्रेनिंगचं बजेट असतं का ते आधी विचारा. पण एच-4 वर (नवऱ्याच्या एच-1बी वरचा जोडीदाराचा व्हिसा) असाल आणि ईएडी (कामाचा परवाना) नसेल तर पैशाला हात लावू नका, फुकटसुद्धा चालतं का ते वकिलाला विचारा, हे खरं तर वरच सांगायला हवं होतं. अजून एक, तुमच्याकडे सहा महिने शिकलेल्या नर्सने ऑपरेशनच्या सह्या घेताना दुभाषीगिरी करायची नाही, हे पहिल्याच दिवशी बजावा. तिथे ट्रेन्ड दुभाषीच हवा.

आणि भाऊजी, वाचत असाल तर, दिवाळीला आलात तेव्हा चार तमाले तुम्हीच खाल्लेत. ते त्याच आजींकडचे होते.