दुसरा डंका घेण्याआधी

वाचकांचे प्रश्न : छोटा उद्योग

प्रश्न : नमस्कार मॅडम. कराडजवळच्या एका गावात आमचा कांदा-लसूण मसाल्याचा उद्योग आहे. सासूबाईंनी घरातच सुरू केला, आता मी बघते. सात बायका कामाला आहेत. दोन वर्षांत विक्री दुपटीच्या वर गेली, पण हातात पैसा पूर्वीपेक्षा कमी राहतो. दुकानदार म्हणतात, ‘मागच्या खेपेसारखी चव नाही.’ भाजणीला मी स्वतः उभी राहिले नाही तर घाणा बिघडतो. मी कराडला बाजाराला गेले की बायका देठं खुडत बसतात आणि डंका (मसाला कुटायचं यंत्र) दुपारपर्यंत बंद राहतो. मिस्टर म्हणतात, कर्ज काढून दुसरा डंका घेऊ, माल वाढला की नफाही वाढेल. बँक तयार आहे. घ्यावा का?
– एक भगिनी, ता. कराड

उत्तर : ताई, आत्ता घेऊ नका. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: डंका दुपारपर्यंत बंद राहतो. जे यंत्र आजच अर्धा दिवस मोकळं आहे, त्याच्या शेजारी दुसरं बसवलं तर दोन्ही मोकळी राहतील, आणि एकाचा हप्ता मात्र दर महिन्याला जाईल. काम डंक्यावर अडलेलं नाही. ते भाजणीवर अडलंय, आणि भाजणी तुमच्यापाशी अडलीय. मिस्टरांना हे शांतपणे दाखवा. आठवडाभर भिंतीवर एक कागद लावून त्यावर डंका किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता थांबला एवढंच लिहा. वाद घालायची गरज उरणार नाही.

मी भोसरीत सुट्या भागांच्या कारखान्यात उत्पादन नियोजन पाहायचे. तिथेही ऑर्डर वाढली की पहिली मागणी नव्या मशीनचीच यायची, आणि बहुतेक वेळा अडण्याची जागा भलतीच निघायची: माप तपासायचं एकच गेज चार जणांत फिरतंय, तपासणीवाला एकच आहे, असं काहीतरी. अडणारी जागा मोकळी न करता बाकी कुठंही पैसा घातला, तर माल फक्त तिच्या दारात साचतो.

‘लिज्जत’चं उदाहरण देते, कारण ते तुमच्यासारख्याच कामाचं आहे. 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. काम बाराही महिने चालू झालं. पुढे संस्था पसरली तेव्हाही चवीचं काम त्यांनी विखुरलं नाही. पीठ केंद्रावर मळलं जातं, बायका ते घरी नेऊन लाटतात, लाटलेले पापड परत आणून देतात, तिथे वजन आणि तपासणी होते आणि मजुरी मिळते. लाटणारे हात हजारोंनी वाढले तरी पापड तोच राहिला, कारण चव कुठे ठरते आणि नुसती मेहनत कुठे लागते हे त्यांनी वेगळं काढलं.

तुम्हालाही हेच करायचंय. देठं खुडणं, खोबरं किसणं, पाकीट भरणं यात चव ठरत नाही. ती ठरते मापात आणि भाजणीत. आणि ही दोन्ही कामं आज फक्त तुमच्या हाताला नि नाकाला ठाऊक आहेत.

सासूबाई तुमच्यासोबत असतील तर त्यांना आधी बसवा. त्या ‘चार मुठी धणे’ म्हणाल्या की त्यांच्याच मुठीनं काट्यावर टाकायला सांगा आणि वजन लिहा. एकदाच मोजून थांबू नका. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या घाण्यांना मोजा, म्हणजे त्यांची मूठ कुठे सैल होते आणि कुठे आवळते ते कळेल. ही सैल-आवळ त्या उगाच करत नाहीत. मिरचीत ब्याडगी जास्त आली की तिखटपणा कमी पडतो, संकेश्वरी जास्त आली की रंग मागे राहतो. त्या ते हातानं सावरून घेतात. ते सावरणं कागदावर उतरवणं हेच खरं काम आहे, आणि त्याला वेळ लागतो. तो द्या.

आता चवीची तक्रार. माझा पहिला संशय कांद्यावर आहे. तुमच्याकडे कांदा कच्चा मोजतात की तळल्यावर? बहुतेक घरांत कच्चाच मोजतात. कच्च्या कांद्यात दहातले आठ-नऊ भाग पाणीच असतं, आणि ते सगळ्या कांद्यात सारखं नसतं. पावसाळी लाल कांदा जास्त पाणीदार, साठवणीचा उन्हाळी कांदा घट्ट. मोजून तेवढाच कच्चा कांदा घेतला तरी तळून हाती येणारा कांदा दर हंगामात वेगळा. त्यात पाणीदार कांदा तळायला वेळ जास्त घेतो, तेलही जास्त पितो. म्हणून माप तळल्यानंतर आणि तेल निथळल्यानंतर घ्या. मिरचीचंही तसंच: नुकतं उघडलेलं पोतं आणि दोन उन्हं दिलेली मिरची यांचं वजन एक धरू नका.

तुमच्या पाकिटावर बॅच नंबर छापलेला असणारच, अन्नसुरक्षा कायद्यानुसार तो लागतो. पण त्या नंबराच्या मागे वही आहे का? नसेल तर आजच करा. घाणा कितवा, तारीख, मिरची कोणत्या पोत्यातली, तळलेला कांदा किती, भाजणीला कोण होतं, एवढ्या पाच गोष्टी पुरेत. आणि प्रत्येक घाण्याची एक छोटी बाटली भरून, नंबर लावून फळीवर ठेवा. दुकानदारानं तक्रार केली की त्याच नंबराची बाटली उघडा. चव आपल्याकडूनच गेलीय की त्याच्या दुकानात उन्हात पडून गेलीय, हे तिथल्या तिथे कळेल.

एका गोष्टीबद्दल मला फार कळकळीनं सांगायचंय. ही वही बायकांना पकडण्यासाठी वापरू नका. कारखान्यात एकदा साहेबांनी बिघडलेल्या नगांचा तक्ता कामगारांच्या नावानिशी लावला होता. आठवडाभरात बिघाडाचे आकडे खाली आले, कारण बिघडलेले नग मशीनखाली लपायला लागले होते. नावं काढली आणि ‘कशामुळे’ हा रकाना घातला, तेव्हा खरे आकडे यायला लागले. तव्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईला तुमच्याआधी वास लागतो की आच जास्त झालीय. तिला थांबवायचा हक्क आहे का? टोयोटा कंपनीचं मूळ ज्या घराण्यात आहे, त्यातल्या साकिची तोयोदांनी धागा तुटला की आपोआप थांबणारा माग बनवला होता. माग स्वतःच थांबत असल्यामुळे एक कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवू शकला. तुमच्याकडे ‘घाणा थांबवला तर ताई ओरडतील’ अशी भीती असेल, तर तुम्हाला जन्मभर तव्यापाशीच उभं राहावं लागेल. एकीला निवडा, तिला शिकवा, तिची मजुरी वाढवा, आणि तिनं घाणा थांबवला तर सगळ्यांसमोर तिचं कौतुक करा.

कारण शोधताना पहिल्या उत्तरावर थांबू नका. एका चटणीच्या उद्योगात पावसाळ्यात पाकिटात गुठळ्या व्हायच्या. मालक पाकिटाला दोष देत होते. पाकिटं बदलली, गुठळ्या राहिल्या. विचारत गेलो तेव्हा निघालं की चटणी कोमट असतानाच भरतात, आत वाफ धरते. कोमट का भरतात? दुकानांना माल नेणारी गाडी चारला येते म्हणून. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावली, चटणी रात्रभर झाकून निवू दिली, आणि प्रश्न मिटला. खर्च शून्य.

पैशाचं आता. वर्षाची मिरची तुम्ही फेब्रुवारी ते मे या दिवसांत भरत असाल, तेव्हा नफ्याचा मोठा हिस्सा पोत्यांत बसलाय. उरलेला दुकानदारांकडे उधारीत. शिवाय पाकिटं काट्यावर भरता की अंदाजानं? कमी भरू नये म्हणून बायका थोडं जास्तच टाकतात, ते साहजिक आहे. पण 200 ग्रॅमच्या पाकिटात 8 ग्रॅम जास्त गेले तर हजार पाकिटांमागे 8 किलो मसाला फुकट जातो. माल दुप्पट केलात की हा तोटाही दुप्पट होईल. विक्री वाढून पैसा का घटला, त्याचं उत्तर इथेही आहे.

उधारी वेळेत वसूल व्हावी म्हणून सरकारची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची नोंद) केली नसेल तर करून घ्या, ती मोफत आहे. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. 2023-24 या आर्थिक वर्षापासून वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मोठी दुकानं हे मनावर घेतात. गावातल्या किराणावाल्याला कायदा सांगून उपयोग नाही. त्याला मागचं बिल मिळाल्यावरच पुढची खेप द्या. दोन-तीन दुकानं सुटतील. सुटू देत.

भाजणी तुमच्याशिवाय नीट व्हायला लागली आणि डंका खरोखर दिवसभर चालूनही ऑर्डर पुऱ्या होईनात, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मी कर्ज काढा म्हणेन. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. अर्जाची सध्याची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारा. नुसतं अनुदान मिळतंय म्हणून मात्र यंत्र घेऊ नका.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत वडिलांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मी इंजिनिअर होऊन नुकताच आलोय. कुठलं काम कुठवर आलंय हे फक्त पप्पांना माहीत असतं. मला सॉफ्टवेअर आणायचंय, ते म्हणतात, ‘सगळं माझ्या लक्षात आहे.’ काय करू?
– एक तरुण वाचक, सांगली

उत्तर : ते खरंच बोलताहेत, त्यांच्या लक्षात सगळं आहे. म्हणून त्यांना चूक ठरवून सुरुवात करू नका. सॉफ्टवेअर महिना-दोन महिने बाजूला ठेवा. प्रत्येक कामाला तारेनं एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधा: गिऱ्हाईक, ड्रॉइंग नंबर, माल कुठला, द्यायची तारीख, आणि कापणी, वेल्डिंग, ग्राइंडिंग, रंग यापुढे टिक करायची जागा. संध्याकाळी पप्पांसोबत शॉपमध्ये एक फेरी मारा आणि त्यांच्या लक्षात असलेलं कार्डांवर लिहीत जा. ज्या दिवशी ते स्वतःहून कार्ड बघून गिऱ्हाइकाला फोनवर तारीख सांगतील, त्या दिवशी पुढचं बोलणं काढा. आणि सॉफ्टवेअरवाल्याला बोलवाल तेव्हा तीच वापरलेली, ग्रीस लागलेली कार्डं त्याच्यासमोर ठेवून सांगा, की ही माहिती तुमच्या प्रोग्रॅममध्ये कशी भरायची ते आमच्या वेल्डरला दाखवा. त्याला जमलं तरच पैसे द्या.