त्याच्या घरी जाऊन भांड

प्रिय बाळ,

रात्री पावणेदोनला आलेला तुझा निरोप मी सकाळी पाहिला. चष्मा शोधून दोनदा वाचला. आरक्षण, कोर्ट, हैदराबाद गॅझेट (निजामाच्या काळचं ते सरकारी दप्तर), टक्के, तुझं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, तुझ्याच खोलीत राहणाऱ्या मित्राचं स्टेटस, त्यावरून तुमचं झालेलं भांडण, सगळं लिहिलंयस. पण मला खरं कळलं ते मधल्या एका ओळीवरून : ‘सर, तो गादी घेऊन गेला, कुकर ठेवून गेला.’ तो कुकर तुम्ही निम्मे निम्मे पैसे घालून तुळशीबागेतून आणला होता. त्यात पहिल्या दिवशी करपलेल्या भाताचा फोटो तुम्ही दोघांनी मला पाठवला होता.

आणि आता विचारतोस, ‘मी चुकलो का? स्टेटस काढून टाकायला हवं होतं का?’

स्टेटसचं मला विचारू नकोस. ते म्हणे चोवीस तासांनी आपोआप जातं. तू त्याच्या घरी गेलास का, तेवढं सांग. त्याची नवी खोली नारायण पेठेत आहे, तुझी सदाशिव पेठेत. मधलं अंतर मला ठाऊक आहे. पाच आठवडे झाले, तू रोज रात्री त्याचे जुने मेसेज बघत बसतोस आणि मग मला पानभर मजकूर पाठवतोस. गाढवा, चप्पल घाल आणि जा.

समेट करायला जा म्हणत नाही मी. भांडायला जा. तुझं म्हणणं तुला पटतंय ना? मग ते त्याच्या दारात जाऊन, त्याच्या तोंडावर मांड. तुझ्या बापाची सहा एकर उद्या दोघा भावांत तीन-तीन होणार, कापसाचा उतारा आणि भाव दोन्ही बेभरवशाचे, आणि परीक्षेत दोन मार्कांनी राहिलेला पोरगा गावात तोंड लपवत फिरतो. हे खोटं नाही. 29 ऑगस्ट 2023 ला अंतरवाली सराटीत जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले आणि तीन दिवसांनी तिथं लाठीमार झाला, तेव्हा तुझ्या घरात चूल पेटली नव्हती, हेही मला माहीत आहे. पण पुढच्या जूनमध्ये त्याच भागात, हाकेच्या अंतरावर, वडीगोद्रीला ओबीसींचं आरक्षण वाचवायला लक्ष्मण हाके बसले, तेव्हा त्याच्या घरात काय झालं ते तू कधी विचारलंस? एकाच खोलीत राहत होतात की रे.

बरं, भांडलात तरी कशावर, ते तरी नीट माहीत होतं का? मी मराठीचा मास्तर, पण एवढं गणित मलाही येतं. राज्याच्या नोकरीत ओबीसींना 19 टक्के. तो वंजारी, म्हणजे भटक्या जमाती-ड, त्याला वेगळे 2 टक्के. तू मराठा, उद्या कुणबी दाखला काढलास तर ओबीसींच्या 19 टक्क्यांच्या रांगेत उभा राहशील. तो त्या रांगेत नाहीच. म्हणजे राज्यसेवेसाठी तुम्ही एकमेकांच्या ताटात हात घालतच नाही! हे तू त्याला सांगितलंस का? आणि तो तुला सांगू शकला असता की केंद्रात ही वेगळी घरं नाहीत, तिथं सगळे मिळून 27 टक्क्यांत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही मागास प्रवर्गाची जागा सगळ्यांची मिळून एकच, आणि त्याच्या बापाला भीती आहे ती त्या जागेची. दोघंही अर्धं अर्धं बरोबर होतात. समोरासमोर बसला असतात तर कागद-पेन घेऊन अर्ध्या तासात इथवर आला असतात. त्याऐवजी तू त्याच्या नेत्यावरचं ते घाणेरडं चित्र स्टेटसला लावलंस. त्याच्या आईनं ते पाहिलं असेल, हे तुझ्या डोक्यात आलं नाही? त्या माउलीच्या हातची बाजरीची भाकरी तू खाल्लीयस.

रागावलो असेन. थांब जरा, चहा घेऊन येतो.

तर, आता तुला माझं सांगतो. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.

1978 साली मी औरंगाबादला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं. शहराचं नाव बदललं तर चालतं, विद्यापीठाचं बदलायचं म्हटल्यावर मात्र आम्ही पेटलो होतो. असो.) माझ्या गावचा एक मित्र नागसेनवनात शिकायचा. बाबासाहेबांनी 1950 साली उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय तिथं नसतं, तर मॅट्रिकनंतर तो रोजंदारीवरच गेला असता. आमच्या दोघांत मिळून एकच इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. एक आठवडा त्याच्याकडं, एक माझ्याकडं. त्यामुळं दर रविवारी कोश पोचवायच्या निमित्तानं कुणीतरी कुणाकडं जायचंच. मग चहा, मग वाद. कशावर वाद घातला नाही आम्ही? आणीबाणी, जनता पक्ष, देव आहे की नाही. ओरडून ओरडून घसे बसायचे. पुढच्या रविवारी पुन्हा कोश.

27 जुलैला, गुरुवारी, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. लगेच शहरात बंद, मोर्चे. त्यातल्या एका मोर्चात मी होतो. होय, मीच. गोविंदभाई श्रॉफांसारखी निजामाशी लढलेली, आम्हाला देवाच्या जागी असलेली माणसं नामांतराच्या विरोधात होती. मला वाटलं, हा आपल्या प्रदेशाच्या नावाचा प्रश्न आहे, जातीचा इथं काय संबंध? माझ्या घराला काही आग लागणार नव्हती, म्हणून मला असं वाटू शकलं. (आणि गंमत बघ. ज्या निजामाच्या नावानं आम्ही तेव्हा बोटं मोडत होतो, त्याच्याच दप्तरात आज आपण आपल्या आज्या-पणज्याच्या नावापुढं ‘कुणबी’ लिहिलंय का ते शोधतोय. 2 सप्टेंबर 2025 च्या जीआरनं तर त्या गॅझेटला पार देव्हाऱ्यात बसवलं.)

त्या रविवारी कोश पोचवायची पाळी माझी होती.

मी गेलो नाही. आधी वाटलं, रस्त्यावर गडबड आहे, निवळू दे. मग गावागावांतून बातम्या यायला लागल्या. दलित वस्त्या पेटवल्या, माणसं मारली, कुटुंबंच्या कुटुंबं गाव सोडून निघाली. मग तर कुठल्या तोंडानं जायचं? आमच्या गावात जाळपोळ झाली नाही. पुष्कळ वर्षं मी हे लोकांना छाती काढून सांगायचो. पण गिरणीत दलित वस्तीचं दळण घेणं बंद झालं होतं, त्याच्या बापाला कुणी कामावर बोलवत नव्हतं, आणि आमच्या घरातून कुणी चकार शब्द काढला नव्हता. सुटीत गावी गेलो तेव्हा तो मारुतीच्या पाराजवळ दिसला. मी सायकल वळवली. शिवी दिली असती तरी बरं झालं असतं, त्यानं मला दिली असती, मी त्याला. मी सायकल वळवली.

14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं, नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं लागली. मी शाळेत पेढे वाटले. त्याला कळवायला मात्र माझ्याकडं पत्ता नव्हता.

2006 साली परभणीच्या बसस्थानकावर तो भेटला. बँकेत अधिकारी झाला होता, केस पिकले होते. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, तेवढ्यात त्यानंच विचारलं, ‘आई कशी आहे?’ आई जाऊन आठ वर्षं झाली होती. तसं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘कळवायचं तर.’ मग त्याची गाडी लागली. माझ्या आईनं त्याला पुष्कळदा जेवू घातलं होतं. ओट्यावर, वेगळ्या जर्मनच्या ताटलीत. ताटली वेगळी आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. मला ते चाळिशीत उमगलं. आणि तरी त्यानं आधी तिचीच चौकशी केली. कोश अजून माझ्या कपाटात आहे. पाठपुठ्ठा गेलाय, ‘एस’ची काही पानं सुटलीत.

म्हणून सांगतो, घरी जा. मोर्चात गेलो याचं मला जेवढं वाईट वाटतं, त्याहून जास्त त्या रविवारचं वाटतं. मोर्चाचं कदाचित त्यानं मला कान धरून समजावलं असतं. त्यासाठी मी तिथं असायला हवा होतो.

टिळक-आगरकर तुम्हाला मी दरवर्षी शिकवले. 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात दोघं 101 दिवस एकत्र होते, आणि पाच वर्षांत आगरकर ‘केसरी’ सोडून बाहेर पडले, त्यांनी ‘सुधारक’ काढला, वगैरे. परीक्षेत तू हे व्यवस्थित लिहिलंस, चार पैकी चार. पण दोघं एकमेकांचं वाचून एकमेकांना उत्तरं देत होते, हे ध्यानात आलं का? आगरकर 1895 ला गेले तेव्हा ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. तू त्याला ब्लॉक केलंस. आता त्यानं काय लिहिलंय हे तुला तिसराच पोरगा दाखवतो, आपल्याला हवं तेवढं कापून.

तुझ्या बापाचं लिहिलंयस ते वाचून फार वाईट वाटलं. वीस वर्षांची सावड होती तुमच्या आणि त्याच्या, दोघा घरांची. यांची पेरणी झाली की त्यांची, त्यांची मळणी झाली की यांची. 2024 च्या लोकसभेनंतर ती मोडली. बीडात साडेसहा हजार मतांनी कोण पडलं, कोण आलं, ते बाजूला. पण त्या निकालानंतर नदीच्या दोन्ही काठांवर कुणी कुणाच्या दुकानात जायचं हेसुद्धा ठरायला लागलं. बापाला पुण्यात बसून फोनवर शिकवू नकोस. ‘बाबा, तुम्ही जातीयवादी आहात,’ असं म्हणालास म्हणे. शाबास! ज्या माणसानं तुझ्या क्लासच्या फीसाठी म्हैस विकली, त्याला. ते बोलायचंच असेल तर बांधावर त्याच्याबरोबर खुरपं धरून बोल.

मला ठाऊक आहे तू आता काय म्हणशील. ‘सर, तुमचं आणि तुमच्या थोरल्या भावाचं, दादांचं काय?’

माझं वेगळं आहे.

दादानं 2023 च्या दिवाळीआधी सामाईक विहिरीवरून शेजारच्या धनगराची पाइपलाइन तोडली. मी भाऊबीजेला भरल्या पंगतीत म्हणालो, ‘दादा, तू विहिरीला जात लावलीस.’ तो म्हणाला, ‘तू मास्तर, तुला पेन्शन. तुला काय जातंय समतेच्या गप्पा मारायला? माझ्या नातवाला सीट नाही मिळाली, त्याचं बोल.’ मी उष्ट्या हातानं उठलो. आता सांग, काय चुकीचं बोललो मी? 1978 ला गप्प बसलो म्हणून तर आयुष्यभर जळतोय, मग इथंही गप्प बसायचं होतं का? बोललो, तोंडावर बोललो, त्याच्याच घरात बोललो. माझ्याच नियमानं वागलो. अबोला मी धरलेला नाही. त्यानं फोन केला तर मी उचलीन. तो मोठा आहे, त्यानं एक फोन करायला काय हरकत आहे? नातवाचं तो म्हणतो ते खरं आहे, मलाही कळतं. त्याची फी मी पेन्शनमधून भरली असती, विचारलं असतं तर. आणि दोन वर्षांत मी गेलो नाही ते गुडघ्यामुळंही आहे.

हसू नकोस.

तर रविवारी काय करायचं ते ऐक. कुकर पिशवीत घाल. शिटी वेगळी ठेवतोस तू, ती विसरू नकोस. त्याच्या खोलीवर जा. कुकर ठेव आणि आधी एवढंच म्हण की ते चित्र लावायला नको होतं. बाकी एक शब्द मागं घेऊ नकोस. मग बस आणि भांड. 19 टक्के, 2 टक्के, 27 टक्के, सगळं काढ. त्यानं दार लावून घेतलं तर कुकर दारात ठेवून ये, आणि पुढच्या रविवारी त्यात भात शिजवायला जा. तेव्हाही नाहीच उघडलं तर मला फोन कर. रात्री पावणेदोनला नको.

दिवाळीला गावी जाशील तेव्हा त्यांच्या घरी फराळाचं ताट तू स्वतः घेऊन जा. आईला पाठवू नकोस.

तुझा,
सर

ता. क. अंबडहून तुझ्या गावाला जाणारी एस.टी. आमच्या दादाच्या मळ्यावरून जाते. उतरू नकोस, आणि मी विचारलं म्हणून कुणाला सांगू नकोस. सप्टेंबरात गोदावरीचं पाणी पार आत शिरलं होतं म्हणतात. मोसंबीची बाग उभी आहे का, तेवढं खिडकीतून बघ. डाव्या बाजूला बस.