घाटात नॉकिंग : इंजिन खोलण्याआधी डेल्को उघडून पाहा

आपली १९९६ सालची कार्ब्युरेटरची मारुती ८०० चार माणसे घेऊन घाट चढू लागली की तिसऱ्या गिअरमध्ये खडखडते, सपाट रस्त्यावर शांत चालते, आणि गॅरेजवाल्याने इंजिन खोलायला सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की इतक्यात इंजिन खोलू नका.

बेअरिंग गेले असेल तर जड, घण मारल्यासारखा आवाज खालून येतो. टॅपेटची टिकटिक आयडलिंगलाही चालू असते. डब्यात सुटे खिळे हलवल्यासारखा आवाज मात्र फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर, चढावर येत असेल आणि पाय उचलताच थांबत असेल, तर ते नॉकिंग आहे. प्लगने पेटवलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेला उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम पेट घेते, त्याचा तो आवाज.

पहिला संशय टायमिंगवर, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याच्या वेळेवर घ्यावा. इंजिन गरम करून, डेल्कोची, म्हणजे प्लगांना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी काढून तिचे तोंड बंद करावे, इंजिनासोबत फिरणाऱ्या टायमिंगच्या खुणेवर खडूची रेघ ओढावी आणि ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंग लाइट एक नंबरच्या प्लगच्या वायरीला लावावा. टायमिंग पुढे गेलेले, म्हणजे ठिणगी लवकर पडताना दिसली तर डेल्कोतला रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने डेल्को किंचित फिरवून टायमिंग मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणावे. आवाज बंद व्हावा म्हणून त्याहून मागे नेऊ नये. गाडीचा पिकअप जातो आणि इंजिन तापते.

पण एवढ्यावर थांबू नका. माझ्या याच मॉडेलच्या गाडीचे टायमिंग दोन गॅरेजांत आयडलिंगला अगदी बरोबर भरले, तरी ती चढावर खडखडतच राहिली. शेवटी मी डेल्कोचे झाकण आणि रोटर काढून प्लेटखाली पाहिले, तेव्हा इंजिनाचा वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडणाऱ्या वजनांच्या दोन स्प्रिंगांपैकी एकीचा नखाएवढा आकडा तुटलेला दिसला. स्प्रिंग तुटली की वजने लवकर बाहेर फेकली जातात आणि ठिणगी वेळेआधीच पडते. म्हणून लाइट धरूनच रेस हळूहळू वाढवावी. खूण सावकाश सरकली पाहिजे, उडी मारता कामा नये. इंजिन बंद करून रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने हाताने पिळून सोडला तर तो आपोआप मागे आला पाहिजे.

टायमिंग निर्दोष निघाले तर कार्ब्युरेटरखालची गॅस्केट आणि रबरी नळ्या तपासा, कारण तिथून हवा शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि नॉकिंग वाढते. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळेही जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण थोडे त्याच बाजूला झुकते. मात्र ऑक्टेनला, म्हणजे पेट्रोलच्या नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेला दोष देऊ नये. या गाड्या ८७ ऑक्टेनच्या काळातल्या आहेत आणि आजचे साधे पेट्रोलही त्याहून वरचे आहे. रेडिएटर आणि थर्मोस्टॅट ठीक आहेत ना, तेही पाहून घ्यावे.

कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजल्यावर ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त भरले तर आत कार्बन साचला आहे असे समजावे, आणि तेव्हाच हेड उतरवून तो साफ करावा. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चकाकते ठिपके दिसले तर मात्र वेळ काढू नका. ते पिस्टनचे ॲल्युमिनियम असते. तोवर घाटात खडखड सुरू होताच दुसरा गिअर टाका आणि ॲक्सिलरेटर हलका ठेवा.