सोलापुरात आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेल्या भाच्याला शिकता शिकता पैसे मिळतील असं काम कुठे मिळेल?

आधी रेल्वे बघा. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) भरतीत सोलापूर विभाग आणि कुर्डुवाडी वर्कशॉप दोन्ही येतात. परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. वय १५ ते २४, दहावीला किमान ५० टक्के. विद्यावेतन मिळतं, पण कायम नोकरीची हमी नाही. मात्र रेल्वेच्या लेव्हल १ (पूर्वीची ग्रुप डी) भरतीत अशी अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात. म्हणून अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र जपून ठेवायला सांगा.

दुसरं, राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ ला सुरू झाली तेव्हा आयटीआयवाल्यांना महिना ८००० रुपये ठरले होते. राज्याच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर नोंदणी करावी लागते. फक्त एक बघा, ऑफिसात फायली उचलायला बसवलं तर हात बसत नाही.

माझं मत विचाराल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत स्वतः जाऊन विचारा. तिथे माग बंद पडला की मालकाचा जीव वरखाली होतो, आणि पॅनल उघडून कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) जळालाय की मोटर, हे पटकन ओळखणारा पोरगा त्यांना हवाच असतो. जाताना टेस्टर आणि मल्टिमीटर सोबत असू द्या. आणि अप्रेंटिसशिपचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवणार का, हे पहिल्याच दिवशी विचारा.