अ‍ॅप काढून टाकले, एवढे पुरेसे आहे का?

प्रश्न : कपाशीच्या लागवडीसाठी मोबाइलवरील एका अ‍ॅपवरून थोडे कर्ज घेतले. हप्ता थकताच माझ्या फोनमधल्या नातेवाइकांना, मुलीच्या सासरीसुद्धा, ‘हा माणूस फसवा आहे’ असे संदेश गेले. मी अ‍ॅप काढून टाकले, सिमकार्डही बदलले. घरचे म्हणतात, विषय वाढवू नका. आता आणखी काही करावे का?
– एक शेतकरी, अमळनेर

उत्तर : अवश्य करावे. अ‍ॅप काढल्याने फोनमधली पुढची माहिती जाणे थांबते. मात्र आपण परवानगी देताच फोनमधल्या क्रमांकांची जी यादी अ‍ॅपवाल्यांकडे उतरली, ती तिथेच राहते. गप्प राहिल्याने त्यांचेच फावते. आपल्या फोनमधला पुरावा गेला असला, तरी ज्यांना संदेश आले त्यांच्या फोनमध्ये तो असू शकतो. लाजेपोटी माणूस नेमके त्यांच्याशीच बोलणे टाळतो, याचे मला फार वाईट वाटते. व्याह्यांना स्वतः फोन करा आणि क्रमांक, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट मागवून घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला ग्राहकाच्या संपर्क यादीला हात लावता येत नाही, त्यामुळे हप्ता थकला हा त्यांचा बचाव होऊ शकत नाही. अ‍ॅपमागच्या बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. अ‍ॅपमागे नोंदणीकृत संस्थाच नसेल किंवा धमक्या येत असतील, तर सायबर पोलिसांकडे जा.

भरपाईचा मार्ग वेगळा आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असली, तरी तो दंड सरकारजमा होतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याबाहेर जाऊन इतरांना उघड करणे ही अनुचित व्यापार प्रथा मानतो, आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे आपल्याला जळगावलाच, तक्रार दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून व्याह्यांकडचे संदेश कोणत्या तारखेचे आहेत ते आधी पाहा.