वळ कुणी पाहिले होते?

प्रश्न : ताई, लहानपणी वडील मला पट्ट्याने मारायचे. आता चाळिशीत त्यावर कॉमिक काढायला घेतलंय. चेहरे, हात, पाठीवरचे वळ सगळं हुबेहूब काढलं, तर मित्र म्हणाला, सिनेमातली मारामारी वाटते. साध्या रेघांत काढावं तर आपलंच दुखणं आपण हलकं करतोय असं वाटतं. कुठली शैली धरू?

उत्तर : दादा, मार पाठीवर बसत होता ना? मग वळ तुम्हाला दिसले कसे? त्या क्षणी तुमच्यासमोर भिंत असेल, नाहीतर जमीन. तुमच्या पानावर जो बघतोय तो मार खाणारा मुलगा नाही, दारात उभा राहिलेला आजचा मोठा माणूस आहे. मित्राला खटकलं ते बहुधा हेच.

साध्या रेघेला मात्र हलकी म्हणू नका. मार्जान सत्रापींचं 'पर्सेपोलिस' पाहा, इराणमधल्या स्वतःच्या लहानपणावरचं कॉमिक. निव्वळ काळं-पांढरं, मधली एकही छटा नाही. इराण-इराक युद्धात शेजारचं घर क्षेपणास्त्राने कोसळतं. ढिगाऱ्यात मार्जानला मैत्रिणीचं ब्रेसलेट दिसतं. ती चेहरा झाकून घेते आणि पुढची चौकट पूर्ण काळी. त्या चौकटीशी मी दरवेळी थांबते. मिटलेल्या डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढंच तिथे काढलंय.

डेव्हिड स्मॉल यांचं 'स्टिचेस' (२००९) हेही स्वतःच्या लहानपणावरचं कॉमिक, पण अगदी वेगळं, राखाडी शाईच्या वॉशमधलं, म्हणजे पाणी मिसळलेल्या शाईच्या पुसट छटांमधलं. त्या घरात मनातलं कुणी बोलत नाही. आई कपाटाची दारं आपटते, वडील पंचिंग बॅग बडवतात, भाऊ ड्रम वाजवतो. राग कानावर येतो, त्याचं कारण मुलाला कुणी सांगत नाही. चौदाव्या वर्षी गळ्याच्या ऑपरेशननंतर त्याचा आवाजच जातो, आणि तो कॅन्सर होता हेही त्याच्यापासून लपवलेलं असतं. कितीतरी पानांवर शब्द नाहीत. मुलाला जे कळलेलं नाही, ते चित्रही आगाऊपणे सांगत नाही.

माझंही सांगते. मी सात वर्षांची असताना एका रात्री आईला स्ट्रेचरवरून नेलं. ते पान मी चार वेळा काढलं. आईचा चेहरा, वडिलांचे डोळे, सगळं नीट जमलं होतं आणि सगळं खोटं वाटत होतं. पाचव्यांदा जमिनीवर बसून काढलं, तेव्हा आठवला चादरीचा लोंबणारा कोपरा. त्यातून एक धागा सुटला होता आणि चाकाला घासत होता. आईचा चेहरा मला त्या रात्री दिसलाच नव्हता. आता पानावर तेवढा कोपरा आहे, आणि बाकी कागद कोरा.

तेव्हा शैली नंतर ठरवा. आधी त्या मुलाला काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं ते आठवा. बकलचा आवाज? तो आवाज चौकटीत मावत नसेल तर बाहेर सांडू द्या. वडिलांचा चेहरा आठवत नसेल तर काढू नका, हात आठवत असेल तर तेव्हा वाटला तेवढा मोठा काढा, प्रमाण बिघडलं तरी. आणि काढताना जीव घाबरा झाला तर पान उलटं ठेवून उठा. जवळच्या माणसाशी, गरज वाटली तर समुपदेशकाशी बोला. पान कुठे जात नाही.

वळ काढायचेच असतील तर आरशातले काढा. मान वळवून, शर्ट वर धरून जेवढे दिसले होते, तेवढेच.