अमेरिकेतले फुटबॉल संघ शहर सोडून जातात, तेव्हा शहराला आणि चाहत्यांना काहीच का करता येत नाही?

करता येतं, पण संघ हलणार ही बातमी फुटते तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. खरा निकाल स्टेडियमच्या भाडेकरारात आधीच लागलेला असतो. आणि तो करार होतो तेव्हा अख्खं शहर संघ आल्याच्या आनंदात असतं, कलमं वाचायला कोणाला सवड!

एनएफएलमध्ये (हा अमेरिकी फुटबॉल, आपल्याकडचा नव्हे) 32 संघ आहेत. जवळपास प्रत्येक संघ मालकाच्या खासगी मालकीचा असतो, पण दुसऱ्या शहरात न्यायचा तर मालकांपैकी तीन-चतुर्थांश, म्हणजे 24 मतं लागतात. टीव्हीच्या राष्ट्रीय कराराचे पैसे सगळ्यांत सारखे वाटले जातात. त्यामुळे शेजाऱ्यापेक्षा जास्त कमवायचं असेल तर ते मैदानातूनच: आलिशान कक्ष, पार्किंग, खाणंपिणं, स्टेडियमला कंपनीचं नाव देण्याचे हक्क. म्हणून भांडण फिरून फिरून स्टेडियमवरच येतं.

सेंट लुईसचा करार बघा. एनएफएलचा संघ मिळवायचा म्हणून शहर, काउंटी (म्हणजे जिल्हा) आणि मिझुरी राज्याने कर्ज काढून घुमटाचं स्टेडियम बांधलं आणि 1995 मध्ये रॅम्स संघ लॉस एंजेलिस भागातून तिथे आला. करार 30 वर्षांचा. पण त्यात एक कलम होतं: 2005 आणि 2015 या दोन टप्प्यांवर हे स्टेडियम लीगमधल्या वरच्या पाव हिश्श्यात, म्हणजे पहिल्या आठांत, असलं पाहिजे, नसेल तर पुढे करार वर्षावर्षाचा. म्हणजे मैदान नीट राखून भागत नाही. बाकीची शहरं नवीन मैदानं बांधत राहतात आणि तुमचं काही न बिघडता खाली घसरत जातं. संघाने सुमारे 70 कोटी डॉलरचा नूतनीकरणाचा आराखडा मांडला, शहराच्या बाजूचा साधारण 12 कोटींचा होता. 2013 मध्ये लवादाने संघाची बाजू उचलून धरली. एवढा खर्च शहराने नाकारला, आणि माझ्या मते ते शहाणपणाचंच होतं, पण तिथेच संघाला दार उघडं झालं. मालक स्टॅन क्रोंके यांनी 2014 च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमध्ये 60 एकर जमीन घेतली आणि जानेवारी 2016 मध्ये मालकांनी 30 विरुद्ध 2 मतांनी परवानगी दिली. संघ गेला तेव्हा घुमटाचं कर्ज अजून फिटायचं होतं.

पुढे 2017 मध्ये शहराने लीगवर खटला भरला. आधार होता लीगच्याच स्थलांतर धोरणाचा: केवळ दुसरीकडे जास्त कमाई दिसते म्हणून जाण्याचा हक्क कोणत्याही संघाला मिळत नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये 79 कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्यातला एक-तृतीयांशाहून थोडा जास्त हिस्सा वकिलांचा. संघ काही परत आला नाही.

आता बफेलो. तिथल्या बिल्स संघाच्या 2013 पासूनच्या दहा वर्षांच्या करारात संघ हलवल्यास 40 कोटी डॉलर दंड होता. फक्त सातव्या वर्षी एकदा 2.84 कोटी भरून बाहेर पडायची मुभा. 2014 मध्ये मालक वारले, संघ विक्रीला निघाला आणि तो टोरांटोला जाणार अशी हवा होती. पण विकत घेऊन लगेच हलवायचा तर खरेदीच्या वर हा दंड. संघ शेवटी 140 कोटींना पेगुला कुटुंबाने घेतला आणि बफेलोतच राहिला. म्हणून करार हातात आला की आधी चार गोष्टी शोधा: दंडाची रक्कम किती आणि ती कोणत्या वर्षी कमी होते, कोर्टाकडून मनाई हुकूम मागायचा हक्क शहराला आहे का, मैदानाची तुलना इतर मैदानांशी बांधली आहे का, आणि कर्ज फिटायच्या आधी करार संपतो का.

आपल्याकडे तर इथवरही मजल जात नाही. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि आयएसएल या देशी फुटबॉल लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. संघ बालेवाडीच्या सरकारी संकुलात खेळत होता. पुणेकरांच्या हाती ना मालकीचा वाटा, ना नाव-रंगांवर हक्क.

आता चाहत्यांचं. निष्ठा कितीही असो, तिला कायद्याचं किंवा पैशाचं रूप मिळालं नाही तर मालकाला फरक पडत नाही. 6 नोव्हेंबर 1995 ला मालक आर्ट मॉडेल यांनी ब्राउन्स संघ क्लीव्हलँडहून बाल्टिमोरला नेत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँड भागातल्या मतदारांनी स्टेडियमसाठीचा कर मोठ्या बहुमताने पुढे चालू ठेवला! तरी शहराला जे मिळालं ते मतांमुळे नाही, कराराची वर्षं शिल्लक होती म्हणून. त्या जोरावर शहर कोर्टात गेलं आणि तडजोडीत संघाचं नाव, रंग आणि जुन्या विक्रमांची सगळी नोंद क्लीव्हलँडकडे राहिली. खेळाडू बाल्टिमोरला गेले, तिथे संघाचं नाव रेव्हन्स झालं. 1999 मध्ये क्लीव्हलँडला त्याच नावाचा नवा संघ मिळाला.

यातूनच 1996 मध्ये क्लीव्हलँड ज्या राज्यात आहे त्या ओहायोत ‘मॉडेल कायदा’ आला: करदात्यांच्या पैशाची मदत घेतलेल्या संघाने हलण्याआधी सहा महिन्यांची नोटीस द्यायची आणि स्थानिकांना विकत घ्यायची संधी द्यायची. 2017 मध्ये ओहायोतलाच कोलंबस क्रू संघ (हा मात्र आपल्या ओळखीचा फुटबॉल) टेक्ससमधल्या ऑस्टिनला जाणार असं कळल्यावर चाहत्यांनी ‘सेव्ह द क्रू’ मोहीम उभारली, सीझन तिकिटांची वचनं गोळा केली, स्थानिक धंदेवाल्यांना सोबत घेतलं. मार्च 2018 मध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल (सर्वोच्च कायदा अधिकारी) माइक डिवाइन आणि शहर याच कायद्याखाली कोर्टात गेले. शेवटी हॅस्लम आणि एडवर्ड्स या कुटुंबांनी संघ घेतला, जुन्या मालकाला ऑस्टिनमध्ये नवा संघ मिळाला, आणि 2020 चं विजेतेपद क्रूने पटकावलं.

मात्र या कायद्यावर आता फार विसंबू नका. ब्राउन्सना क्लीव्हलँड सोडून शेजारच्या ब्रुक पार्क उपनगरात जायचं आहे, आणि त्यांचे मालकही हॅस्लमच. 2025 मध्ये कायदा बदलला. तो आता फक्त राज्याबाहेर जाणाऱ्या संघांना लागू आहे. त्या बदलावर गव्हर्नर म्हणून सही केली ती याच माइक डिवाइन यांनी.